मोगऱ्याजवळचं मडकं

मंडळी, आजचं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडायची न्हाई.

बायको गेल्यापासून तिचा मोगरा मी सांभाळतोय. या वयात झाडं लावायला शिकायचं, त्यात आमच्या दुबलगुंडीचं ऊन. रोज बादलीभर पाणी घालूनही मोगरा वाळतच चालला होता.

सकाळी शेजारची शांताक्का कुंपणावरून ओरडली, "अण्णा, पाणी वरून कामून वतायलाव? ते समदं ऊनच पिऊन टाकतंय! वहिनीचं मडकं कुठं हाय?"

"कसलं मडकं?"

"घ्या! संसार केलाव का भाड्यानं राहिलाव?"

तिनं दाखवलं तिथं उकरलं. फरशीच्या तुकड्याखाली, गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं निघालं. त्यात पाणी भरलं की ते झिरपत मुळांना मिळतं, म्हणाली. मोगऱ्याच्या मुळ्यांनी त्या कोरड्या मडक्याला अजून घट्ट मिठी मारली होती.

तांब्यानं पाणी ओतलं. आतून घोट घेतल्यासारखा आवाज आला. शेवटच्या दिवशी बायकोला चमच्यानं पाणी पाजलं, तेव्हा तिच्या गळ्यातून अगदी असाच आला होता.

संध्याकाळी बघतो तर मडकं रिकामं. पुन्हा भरलं आणि तिथंच बसलोय, उठवत न्हाई. तुम्हीच सांगा, तिची तहान अजून राहिली असेल का हो?