शांततेवर माझं भाषण झालं

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. भाषणाला कुणी बोलावलं की अजूनही माझा पाय घरात ठरत नाही.

त्या चैत्रात सीमेवर तोफा सुरू झाल्या होत्या. आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाने चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माझं भाषण ठेवलं. विषय मी निवडला : पहिल्या महायुद्धात लढाई थांबवा म्हणणाऱ्या बायका. अध्यक्षबाईंना वीरमातांवर काहीतरी हवं होतं. पण गोष्ट परदेशातली आणि शंभर वर्षांपूर्वीची, म्हणून चालेल म्हणाल्या.

मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवणारी एक बाई राहते, माहेर खाप्याचं. नवरा हिंगण्याच्या कंपनीतून मोटारसायकलने परतताना अपघातात गेला. एकुलता एक मुलगा फौजेत, तेव्हा सीमेवरच होता, आणि चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता. कार्यक्रमासाठी आम्ही सगळ्याजणींनी गांधीबागेच्या कापडबाजारातून एकाच रंगाच्या साड्या आणल्या होत्या. ब्लाऊज अर्थातच तिच्याकडे. माझा आणायला गेले तेव्हा भाषणाचा विषयही ऐकवला. मशीन थांबवून तिने सगळं नीट ऐकलं.

"मॅडम, मले बी बोलाचं आहे," ती म्हणाली. "टीव्हीवाले म्हणून राहिले, आईनं पोरगा देला. म्या नाही देला जी. त्यानं नोकरी धरली. मले तो वापस पाह्यजे. इतकंच सांगीन."

"तू ये. माझ्यानंतर दोन मिनिट बोल. मी आहो ना वं," मी म्हटलं.

इथे मी माती खाल्ली. आयता भरलेला हॉल मिळतोय, या आनंदात मी विसरले की आमच्याकडे हळदीकुंकवाला विधवेला बोलावत नाहीत. विसरले कसली, तो विचार मला कधी करावाच लागला नव्हता.

ती आली. इस्त्रीची साडी, हातात वहीचा घडी घातलेला कागद. दुसऱ्या रांगेत बसली. हळदीकुंकवाचं तबक रांगेतून फिरू लागलं. तबकवाल्या बाईने तिच्या शेजारणीला कुंकू लावलं, तिच्यापाशी जराशी थबकली आणि पलीकडच्या खुर्चीकडे वळली. तिघी-चौघी उगाच कूलरकडे पाहू लागल्या. त्यांच्या अंगातले ब्लाऊज तिनेच शिवलेले होते. मग तबक माझ्यापर्यंत आलं आणि मी कपाळ पुढे केलं.

अध्यक्षबाई कानाशी लागल्या. "मॅडम, त्यांचं बोलणं आज राहू द्या. सणाचा दिवस, वरून असा टाइम. लोक काय म्हणतीन?"

मी मान डोलावली. संतापले होते, खोटं नाही सांगत. पण तो संताप गिळून माईक हातात घेतला. एकमेकांशी लढणाऱ्या देशांतल्या बायका हॉलंडमध्ये कशा जमल्या, सरकारांनी कित्येकींना वाटेतच कसं अडवलं, वर्तमानपत्रांनी कशी टर उडवली, तरी त्या कशा मागे हटल्या नाहीत, सगळं रंगवून सांगितलं. टाळ्या भरपूर पडल्या. पन्हं पिता पिता दोघीतिघींनी माझ्या आवाजाची तारीफ केली. तिची खुर्ची रिकामी होती. ती कधी उठून गेली, तेही मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. ती एका ब्लाऊजला हुक लावत बसली होती. मुलाचा फोन अजून आला नव्हता. माफी मागायला गेलेली मी, अध्यक्षबाईंना शिव्या घालत सुटले. ते सोपं होतं. तिने तेवढ्यात आणखी दोन हुक लावले. माझं संपल्यावर विचारलं,

"त्या हॉलंडच्या सभेत विधवा बाया होत्या काय?"

"होत्या. लढाईत नवरे गेलेल्या होत्या."

"त्याइले बोलू देलं?"

"हो."

"मंग तुमाले तं मालूम होतं, मॅडम," ती म्हणाली.