चरबी गप्प होते तेव्हा

नवरा गेल्यावर आत्या भावाच्या घरी, म्हणजे आमच्या घरी आली, तेव्हा मी शाळेत होते. भावजयीच्या हाताखाली दिवस काढायचे तर राबावं लागतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. केर, धुणी, भांडी तिनं न बोलता अंगावर घेतली. पण तिचा शब्द चालायचा तो वर्षातून एकच दिवस. थंडीच्या तोंडावर खाटकाकडून घमेलंभर चरबी यायची, तो दिवस. ती चरबी कढवून बरण्यांत भरली की आमचा वर्षाचा स्वयंपाक त्यावर निभायचा. रोज तेल वापरण्याची आमची ऐपत नव्हती.

आत्या चरबीचे बोराएवढे तुकडे करायची, पेलाभर पाण्यात घालून पातेलं मंद आचेवर ठेवायची आणि शेजारी बसून राहायची. बघायचं फारसं नसायचंच, ऐकायचं असायचं. "आधी कुरकुरते," ती माझ्या कानाशी सांगायची, "मग तुझ्या आईसारखी तडतडते. पाणी संपलं की गप्प होते. तेव्हाच उतरवायची. आधी उतरवली तर नासते, उशीर झाला तर करपते." आईसारखी म्हणताना ती दाराकडे बघून घ्यायची.

एका वर्षी ती लाकडी डावाची दांडी दातांत धरून बसलेली दिसली. डावाचं दुसरं टोक पातेल्यात होतं. आई कडाडली, "शी! वन्सं, सगळ्यांच्या खाण्यात तुमची थुंकी कशाला?" आत्यानं निमूट दांडी काढली. त्या वर्षी महिन्याभरात बरण्यांना हिरवी बुरशी धरली. सगळी चरबी गटारात ओतावी लागली, आणि आईला पुढचे कित्येक महिने तोंडसुख घ्यायला विषय मिळाला.

माझे वडील भांडणात पडत नाहीत. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात. माझ्याकडे दुसरा शब्द आहे, पण तो लिहिण्यासारखा नाही. ते गुपचूप जाऊन निराधारांच्या आश्रमात बहिणीसाठी जागा बघून आले. "पुढच्या खेपेलाही असंच झालं तर मग बघू," एवढंच आईला म्हणाले. ते मी ऐकलं, आणि आत्याला सांगायला गेले. ती नळावर पाठमोरी होती. मी तीन हाका मारल्या तरी तिनं मान वळवली नाही. समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा दचकली.

"आत्या, तुला ऐकू येत नाही?"

माझ्या ओठांकडे बघत तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "आईला बोलू नकोस हं. बहिरी म्हातारी कोण ठेवून घेणार? परक्यांत नेऊन टाकलं तर मी मरेन गं." दांडी दातांत धरली की तडतड हाडांतून कळते, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. मला रडू आलं. मग आमचं ठरलं. मी शेजारी बसायचं, आणि चरबी गप्प झाली की तिच्या कोपराला हात लावायचा.

तो दिवस आला. एव्हाना मी शिवणकामाच्या कारखान्यात जाऊ लागले होते, तिथून सुट्टी घेतली. आत्यानं बरण्या उकळत्या पाण्यानं धुऊन, पुसून, पुन्हा पुसून ठेवल्या होत्या. पण त्या दिवशी आईही स्टूल घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसली. वडील दारात चहाचा कप घेऊन उभे होते. पातेलं ऐन भरात तडतडत होतं.

आत्याच्या पाठीवर नजर ठेवून आई म्हणाली, "वन्सं, तुमचं बोचकं बांधा. सोमवारी तुम्हाला आश्रमात सोडायचंय."

वडील चपापले. आईनं हातानं त्यांना थांबवलं आणि तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं म्हणाली.

आत्या ढवळत राहिली.

"बघितलंत? ठार बहिऱ्या आहेत. मला संशय होताच," आई म्हणाली. "उद्या घराला आग लागली तरी यांना कळायचं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईच्या पाठीमागे, तिच्यापासून दोन हातांवर हे दोघं तिचा निकाल लावत होते. निदान तिनं तोंड फिरवून बघावं, यांना तिच्या डोळ्यांत बघून बोलावं लागावं, म्हणून मी झटक्यात पुढे झाले आणि तिचा कोपर धरला.

ती वळली. आम्ही तिघं तिच्याकडेच बघत होतो. आम्ही पातेल्यासाठीच खोळंबलोय असं तिला वाटलं असणार, कारण तिचा चेहरा एकदम फुलला.

"झाली एकदाची गप्प!" ती चढ्या आवाजात म्हणाली आणि मी काही करायच्या आत तिनं फडक्यानं धरून पातेलं खाली उतरवलं.

खाली ठेवलेल्या पातेल्यात चरबी अजून तडतडत होती. आम्हा तिघांनाही ती ऐकू येत होती. आईनं वडिलांकडे बघितलं. वडिलांनी कपात बघितलं.

आत्यानं पहिली बरणी पुढे ओढली. "वहिनी," ती म्हणाली, "यंदा बघा कशी टिकते ती."