आठचा मिस्ड कॉल

डिप्रेशनमधून सावरणाऱ्यांचा गट म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे सगळे रुमाल घेऊन बसलेले असतात. आमच्या सदाशिव पेठेतल्या गटात मी इतके किस्से साठवलेत की मैत्रिणी भेटल्या की एक तरी तोंडातून निसटतोच.

*

गट चालवायचे लिमये काका. बँकेतून निवृत्त, स्वतः या आजारातून गेलेले. शनिवारी पाचला क्लिनिकच्या वरच्या खोलीत बैठक, आणि पाचलाच दाराला कडी. पहिल्या दिवशी मी पोचले पाच वाजून सहा मिनिटांनी. मी बाहेरूनच भांडले, की चार महिन्यांत पहिल्यांदा घराबाहेर पडलेय.

"मग जमतंय की," आतून आवाज आला. "पुढच्या शनिवारी लवकर निघा."

इतकी चिडले, की पुढच्या शनिवारी साडेचारलाच दारात हजर!

*

गटात 'बरं वाटतंय' म्हणायची बंदी. आठवड्यात केलेली एक गोष्ट सांगायची. वैभव मूळचा यवतमाळचा, वाघोलीत एकटा राहायचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली नोकरी गेलेली. सलग तीन शनिवार त्याने एकच सांगितलं, दाढी केली.

"तीच की नवी?" काकांनी विचारलं.

"तीच. टप्प्याटप्प्यानं करून राहिलो."

त्या दिवशी आम्ही वैभवला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

*

माझी आत्या एकदा काकांना गाठून सांगायला लागली, की आमच्या वेळी हे असलं नव्हतं, हिला गोळ्या कसल्या देता, कामाला लावा.

"आपल्याला बीपीची गोळी चालू आहे ना?" काका म्हणाले. "ती बंद करून कामाला लागून बघा. मग ठरवू."

आत्या चहा न घेता गेली. मोठ्या माणसांपैकी कुणीतरी मला पहिल्यांदाच आवडलं.

*

फार दिवस नाही आवडलं. मिस्ड कॉलची कल्पना माझी. सकाळी आठला प्रत्येकाने पुढच्याला एक रिंग द्यायची. अर्थ एवढाच, की उठलो, गोळी घेतली. वैभव मला देणार, मी काकांना. कुणाचा आला नाही तर त्याला फोन करायचा. इतकं सोपं! तरी काका रोज फोन उचलायचे.

"हॅलो, बोला."

"काका, उचलायचा नसतो हो!"

"आमच्याकडे वाजलेला फोन उचलतात."

सहा महिने हेच.

*

एका शनिवारी वैभव जाताना म्हणाला, गोळ्या संपल्यात, आणाव्याशा वाटत नाहीत. मी घाईत होते. "आण रे," म्हणून जिना उतरले.

मंगळवारी आठला त्याचा कॉल आला नाही. फोन बंद. मी काकांना सांगितलं. ते स्कूटर घेऊन कर्वेनगरला माझ्या दाराशी आले, आणि वाघोलीपर्यंत प्रत्येक वळणाला हात दाखवत चाळीसच्या स्पीडने गेले. मागे बसून मी दातओठ खात होते.

वैभवच्या दाराला आतून कडी. मी दोन्ही हातांनी दार बडवलं, हाका मारल्या. शेजारी गोळा झाले. कुणीतरी दार तोडायला काही मिळतंय का बघायला धावलं. काकांनी मला बाजूला केलं आणि दाराला रोजच्या आवाजात सांगितलं, "वैभवराव, तुमचा आठचा राहिलाय."

मग आतून मोबाइल सुरू झाल्याची ट्यून आली.

माझ्या हातातला फोन वाजला. एक रिंग झाली. तो कट करेल म्हणून मी थांबले. दुसरी झाली.

काका माझ्याकडे बघत होते.

मी फोन उचलला. "हॅलो," दाराला टेकून म्हटलं, "बोल."