आधी वाच, मग हव म्हण

आमच्या घरात कुणाला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. बाबा रायपूरजवळ उरल्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते. सुपरवायझर विचारायचा, "महादेव, डबल शिफ्ट करेगा?" बाबा म्हणायचे, "हव." छत्तीसगढीतला हा होकार त्यांनी भंडारा सोडून इथे आल्या आल्या उचलला आणि पुढे आयुष्यभर दुसरं उत्तर शोधलंच नाही. असंच एकदा "हव" म्हणून त्यांनी एका कागदावर सही केली. बाबांना अक्षरं यायची ती सहीपुरतीच. मी स्वतःच्या मर्जीने काम सोडत आहे, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. पुढचे सात महिने आई चौबे कॉलनीत चार घरची भांडी घासत होती आणि बाबा पत्र्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असत. मी तेव्हा नववीत होते. शिकायचं, म्हणजे आपल्याला असं कुणी गंडवणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

शिकलेही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचले आणि त्याचा मला भलताच ताठा होता. कुंदादीदीने तो पाच मिनिटांत उतरवला.

सदर बाजारात एका सोनाराच्या दुकानावर लोखंडी जिना चढून गेलं की तिची खोली. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. राज्य नवं झाल्यापासून रायपुरात दर तिसऱ्या दुकानाच्या नावात ‘राजधानी’ आली होती, त्यावर ती म्हणायची, "राजधानी झाली, अक्कल अजून तहसीलचीच हाय." वडील रेल्वेत म्हणून गोंदियाहून इथे आलेली, वय पन्नाशीचं, लग्न केलं नाही. ती लॅपटॉप दुरुस्त करायची, पण गिऱ्हाइकाला ‘काय झालं?’ असं कधी विचारत नसे. "काय लिहून आलं होतं?" एवढंच विचारायची. कुणी "कुछ तो आया था" म्हणालं की लॅपटॉप त्याच्याकडे परत सरकवायची.

मी तिच्याकडे गेले तो शनिवार होता. उरल्याच्या रस्त्याकडेच्या कडुनिंबांवर किती धूळ बसते, यावर माझा प्रोजेक्ट होता. चार महिने मी पानं तोडून, ब्रशने झाडून धूळ तोलली होती. तो सगळा रिपोर्ट माझ्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये, आणि फक्त तिथेच. सोमवारी रिपोर्ट दिला नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. अशात पडद्यावर सिस्टीमच्या नव्या अपडेटची चौकट आली, मी यस दाबलं आणि पडदा काळा झाला. अर्धा तास नुसते ठिपके फिरत होते. आमच्याकडे कूलर अडला, टीव्ही अडला की बंद करून चालू करतात. मी तेच केलं, चार वेळा. चौथ्यांदा तो उठलाच नाही, निळा पडदा दाखवून थांबला.

आधी मी चौबे कॉलनीतल्या एसी दुकानात गेले. तिथल्या टायवाल्या इंजिनियरने लॅपटॉपपेक्षा माझ्या चपलांकडे जास्त वेळ पाहिलं. "फॉरमॅट होगा. डेटा जाएगा. ओके?" त्याने फॉर्म पुढे केला. मी म्हणाले, "हव." पेन टेकवल्यावर ‘डेटा’ म्हणजे माझे चार महिने, हे डोक्यात शिरलं आणि लॅपटॉप उचलून मी बाहेर पळाले.

"काय लिहून आलं होतं?" कुंदादीदीने विचारलं.

"काहीतरी आलं होतं दीदी. मग मी यस केलं."

"काहीतरी! ताटात काय वाढलं ते तरी पाह्यतं का, का तिथंबी काहीतरी?" तिने चष्मा कपाळावर चढवला. "काय शिकून राहिली?"

"बी.एस्सी. फायनल."

"अरे वा, ग्रॅज्युएट! काळ्या पडद्यावर लिहून नव्हतं काही?"

"बारीक अक्षरं होती."

"बारीक होती म्हणजे काय मुंग्या होत्या? आठव."

मला आठवलं. आठवलं याचीच जास्त लाज वाटली, कारण दर खेपेला मी ती ओळ पाहिली होती. "बदल मागे घेत आहोत, कृपया बंद करू नका."

"तो बिचारा तुले हात जोडून राहिला होता, अन् तू चार डाव त्याचा गळा दाबला. वाचता येते तुले. तुले वाचाचं नाही."

बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर मला उभं करून तिने निळ्या पडद्यावरचं इंग्रजी मोठ्याने वाचायला लावलं, ओळ वाचून झाली की अर्थ सांगायचा. माझं बोट सवयीने पहिल्याच पर्यायावर गेलं. "वाच." मी वाचलं, "सगळं काढून टाका." विस्तव लागावा तसं बोट मागे आलं. खाली, दोन पायऱ्या आत, दुसरा पर्याय होता: फक्त नवं अपडेट काढा. तो दाबल्यावर ती म्हणाली, "आता बस. हात मांडीवर. कायलेबी शिवाचं नाही."

पाऊण तास गेला. सोन्याची साखळी घातलेले एक सेठ कंटाळले. "दीदी, एक बार ऑफ-ऑन करके देखो ना."

"भैया, पहले आपको ऑफ-ऑन करके देखूँ?"

लॅपटॉप सुरू झाला. रिपोर्ट जागेवर होता. तिने त्याची पेनड्राइव्हवर नक्कल करायला लावली, पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, "धूळ मोजली. बरं केलं. बाकीचे नुसती खाऊन राहिले." तिच्या तोंडून मी ऐकलेलं कौतुक एवढंच.

डिग्री मिळाली तेव्हा पेढे घेऊन तिच्याकडे गेले. पेढ्यांना तिने हात लावला नाही.

"वाच."

"दीदी, डिग्रीच आहे."

"म्हणूनच. मोठ्यानं."

वाचता वाचता मी अडले. वडिलांच्या नावाच्या जागी ‘महादेव’ऐवजी ‘सहदेव’ छापलं होतं.

"युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर हव म्हणून घेऊन आली ना?" कुंदादीदी म्हणाली. "ग्रॅज्युएट!"

त्या खिडकीवर मी सहा चकरा मारल्या. क्लार्क म्हणाला, "मॅडम, इतना तो चलता है." मी म्हणाले, "नहीं चलता." नवी डिग्री हातात आली तशी मी आधी सदर बाजार गाठला. जिन्याच्या तोंडाशी कुलूप होतं. कुंदादीदी आठ दिवसांपूर्वी गेली, हार्ट अटॅक, असं खालच्या सोनाराने सांगितलं. आजारपणाची तिने कुणाला कल्पना दिली नव्हती. विचारायला गेलं असतं तरी काय ऐकावं लागलं असतं, ते मला ठाऊक आहे.

घरी येऊन डिग्री बाबांपुढे धरली. त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं आणि सहीपुरत्या येणाऱ्या अक्षरांनी वाचलं, "म, हा, दे, व." मग म्हणाले, "तू मांगं दाखवली त्या डिग्रीवर पह्यलं अक्षर येगळं होतं."

"बाबा, तुम्हाला दिसलं होतं? मग काहून नाही सांगितलं?"

"शिकलेल्या लोकाईनं लिवलं होतं ना. म्हटलं, तेच बरोबर असन."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. आणि माझ्या डिग्रीवर बाबांचं नाव बरोबर आहे.