मैलापूरच्या पोर्शनमधली दांडी

भुताखेतांच्या बातम्या माझ्या टेबलावर यायच्या आणि टोपलीत जायच्या. मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. कोणी पाहिलं, किती अंतरावरून, उजेड कसा होता... एवढं विचारलं की बहुतेक भुतं दुसऱ्याच कोणाच्या तरी मामाने पाहिलेली निघत. माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. म्हणून इथे पाहिलं तेवढंच लिहितो. आणि पाहिलं ते दिवसाढवळ्या, आम्ही दोघांनी.

काळ साठ सालच्या आसपासचा. ठिकाण मद्रास, मैलापूर, देवळाच्या तळ्यामागची एक गल्ली. माझ्या बायकोला, सुमतीला, लग्न झाल्यापासून समुद्र पाहायचा होता. कधी माझी रजा नामंजूर होई, कधी आईचं एखादं व्रत आडवं येई. अखेर महिन्याची रजा मिळाली. ओळखीतून एक ‘पोर्शन’ भाड्याने ठरला — घराच्या वेगळ्या भाड्याने दिलेल्या भागाला तिकडे तसंच म्हणतात — आणि आम्ही गाडीत बसलो. भाषा कळेना, पाट्या वाचता येईनात... आम्हाला तो परदेशच होता.

पण सुमतीला समुद्राइतकीच आणखी एक गोष्ट हवी होती. आमच्या घरी आईचं सोवळं कडक. आंघोळीशिवाय चुलीला हात लावायचा नाही. धुतलेलं लुगडं छतालगतच्या दांडीवर काठीने वाळत टाकायचं, म्हणजे कोणाचा स्पर्श होत नाही. तेच नेसून स्वयंपाक करायचा. सुमतीला एक महिना या सगळ्यातून सुटका हवी होती.

पोर्शन वरच्या मजल्यावर होता. एक मोठी खोली, स्वयंपाकघर, मागे गज लावलेली गॅलरी. खोलीत शिरताच सुमतीने वर पाहिलं. छताजवळ दोराने टांगलेली बांबूची दांडी, कोपऱ्यात काठी.

“बाप्पा! ही इथंही आली का माझ्यामागं?”

घरमालक वेंकटराव हसले. तंजावरकडचे मराठी, पिढ्यानपिढ्या तिथलेच. रेल्वेतून निवृत्त झालेले, विधुर, खाली एकटे राहत. मराठी आपलीच, पण जुन्या वळणाची आणि तमिळ हेल असलेली. “आमच्या अम्माची ती, अक्का. अम्मा गेली, दांडी राहिली. तिची मडी फार.” मडी म्हणजे सोवळं.

“तुमच्या अम्मांची मडी त्यांच्याबरोबर गेली असेल,” सुमती म्हणाली. “मी इथं पारोशी चहा करणार आहे. सांगून ठेवते.”

आणि तिने केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीआधी चहा, मग आंघोळ, मग लुगडं गॅलरीतल्या दोरीवर. आम्ही समुद्रावर गेलो. ती पाण्यात गुडघाभर उभी राहून मोठ्याने हसली... घरी तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

परतलो तेव्हा लुगडं दांडीवर होतं. एकही सुरकुती नाही, काठ काठाला जुळवलेला.

मला वाटलं, वेंकटरावांनी केलं. ते म्हणाले, “मी वर आलोंच नाहीं. दुसरी किल्ली तुमच्याचकडे आहे ना?” किल्ल्या खरंच दोन्ही माझ्याकडे होत्या. मी काठी त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली आणि दाराला नागपूरहून आणलेलं आमच्या ट्रंकेचं कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. स्टुलावर उभा राहून मी हात वर केला, तरी दांडी लागेना. लोंबता पदर ओढून लुगडं खाली घ्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही बाहेर गेलोच नाही. सुमतीने नुकतंच पिळलेलं लुगडं दोरीवर टाकलं आणि आम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसलो. भात संपतो न संपतो तोच बाहेरच्या खोलीत टप्... टप्... लुगडं दांडीवर होतं आणि गळत होतं. पाणी फक्त दांडीच्या खाली. गॅलरीपासून तिथपर्यंत फरशी कोरडी होती. मी वाकून हात फिरवून पाहिला.

वेंकटरावांना वर बोलावलं. ते उंबऱ्यातच थांबले.

“मागचे अस्के भाडेकरू, सगळेच, याचमुळें गेले. एक बाई मात्र मडी पाळून राहिली, तिला कांहीं त्रास नाहीं. तुम्हीही पाळा अक्का... एक महिन्याचा तर प्रश्न. नाहीं तर मी दुसरीकडे सोय करतों.”

“हेच करायचं असतं तर नागपूर काय वाईट होतं?” सुमती म्हणाली. “मी पाळणार नाही आणि जाणारही नाही. अहो, स्टूल धरा.”

मी धरलं. तिने ओलं लुगडं खस्सकन ओढलं, ते तिच्याच डोक्यावर पडलं. तशीच, केस निथळत, ती दांडीकडे बघून उभी राहिली.

“त्यांना मराठी समजायचं ना?” तिने विचारलं.

“अय्यो, दुसरं काय बोलणार अम्मा?”

“मग ऐका, सासूबाई. माझी एक सासू नागपूरला आहे, तिचं मी लग्नापासून करते आहे. तुमचं कोणी करायचं ते तुमच्या मुलाला विचारा. मी इथं पाहुणी आहे. माझ्या लुगड्याला हात लावायचा नाही.”

वेंकटरावांनी डोळे मिटून घेतले. सुमतीने लुगडं पुन्हा दोरीवर टाकलं, खरकट्या हातानेच, आणि मला म्हणाली, “चला समुद्रावर.”

रस्ताभर मी कारणं जुळवत होतो. माकड, वारा, वेंकटराव... एकही टिकेना.

संध्याकाळी, चांगला उजेड असताना, कुलूप उघडलं. लुगडं दोरीवर होतं, वाळलेलं. दांडी खाली होती. पडलेली नव्हती, भिंतीलगत सरळ ठेवलेली. दोर तुटलेले नव्हते. छताच्या कड्यांमधल्या गाठी सोडून दोराची दोन वेटोळी दांडीशेजारी ठेवलेली होती. त्या गाठींपर्यंत पोचायला शिडी लागली असती, आणि त्या घरात शिडी नव्हती.

वेंकटराव वर आले आणि या वेळी उंबरा ओलांडून दांडीजवळ गेले. “जिवंत असतां तिनें कोणाचं ऐकलं नाहीं,” एवढंच म्हणाले.

महिनाभर आम्ही तिथेच राहिलो. पुन्हा काही झालं नाही. सुमती रोज पारोशी चहा प्यायली आणि रोज समुद्रावर गेली.

नागपूरला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी तिने शेजारून शिडी मागवली आणि मला वर चढवून दांडीच्या गाठी सोडायला लावल्या. आई देवघरातून बाहेर आली.

“कोणाला विचारून काढताय?”

“मद्रासच्या सासूबाईंना विचारून,” सुमती म्हणाली.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी शिडीवरच होतो. झालं ते सगळं मी तिथूनच सांगितलं, एखादी बातमी वाचून दाखवावी तसं. आई आत गेली... आणि दांडी पुन्हा वर गेली नाही.

मैलापूरच्या गाठी कोणी सोडल्या, याचं उत्तर माझ्याकडे नाही. नागपूरच्या मी सोडल्या, आणि त्या सोडतानाच मला जास्त भीती वाटली होती.