काउंटरवर न ठेवायच्या गोष्टी

दादी भांडायला बसली, की आधी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवायची. नव्या माणसाला वाटायचं, आता ही हाणणार. तो बिचारा मागे सरकायचा. पण दादी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ऐसपैस मांडी घालायची, समोरच्याला दुसरी खुर्ची दाखवायची आणि म्हणायची, "बैठो. भांडण उभ्यानं करायचं नाय. खडा आदमी निकल जाता है." विठ्ठलवाडीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती चेअरमन होती तोवर सोसायटीच्या मीटिंगमधून कुणी तरातरा निघून गेलं, असं क्वचितच झालं. भांडणं मात्र रग्गड झाली.

ती आमच्यापैकी कुणाचीच आजी नव्हती. सिंधी लोक मोठ्या बहिणीला दादी म्हणतात, तसं तिला सगळे म्हणायचे. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये तिचा परकर शिवायचा छोटा कारखाना होता. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला, आणि ही बाई सकाळपासून मशिनींच्या खडखडाटात बसलेली. त्यामुळे तिचा आवाज कायमचा वरच्या पट्टीत गेला होता. ती कानात गुपित सांगायला लागली, तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं. फक्त निवडणुकीत मत कुणाला दिलं, हे एकच गुपित तिनं राखलं. ते म्हणे नवऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

धंद्यात ती पक्की होती. दोरे, नाडी, कटपीस, जे हाताला लागेल त्याचा भाव करायची. चालिहाच्या, म्हणजे झुलेलालच्या चाळीस दिवसांच्या उपासात मात्र गिऱ्हाइकाशी खोटं बोलायची नाही. "इसलिए उन दिनों धंदा मंदा," असं स्वतःच सांगून खदखदून हसायची. तिच्या गल्ल्यामागे भिंतीत एक कोनाडा होता, त्यात झुलेलालची तसबीर आणि नवऱ्याचा चष्मा. एकदा मी गमतीनं विचारलं, "दादी, हा चष्मा कितीला?" ती हसली नाही. म्हणाली, "जिसका भाव नहीं करना, वो चीज काउंटर पे रखनाच नाय. और दूसरे की ऐसी चीज का भाव पूछना नाय." पुढे लक्षात आलं, की हाच तिचा सगळा राज्यकारभार होता.

कारण हीच पद्धत तिनं आमच्या सोसायटीत आणली. मीटिंग सुरू होण्याआधी ज्याला त्याला सांगावं लागायचं, की माझी अमुक गोष्ट काउंटरवर नाही. बाकी सगळ्याचा भाव होणार. पहिल्या वेळी प्रत्येकानं भलीमोठी यादी सांगितली. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलकाकू म्हणाल्या, "माझ्या दारात दुसऱ्यांच्या चपला चालणार नाहीत. हे माझं तत्त्व आहे." दादीनं विचारलं, "और कोणी बदल्यात तुमच्या दारासमोर रोज झाडू मारला तर?" काकूंना हसू फुटलं. दादीनं निकाल दिला, "ये काउंटर की चीज है." भाव सांगितल्यावर जो हसला त्याची वस्तू विकाऊ, आणि ज्याचे डोळे लाल झाले त्याच्यापुढे हात जोडायचे आणि विषय सोडायचा, असा तिचा साधा कायदा होता. या कायद्यातून माणसाची खरीखुरी पवित्र गोष्ट फार लहानशी निघते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मुठीत मावेल एवढी. बाकीचा सगळा फाफटपसारा असतो.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. मूळचे महाडकडचे, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि पक्षाचे जुने कार्यकर्ते. सभेत बोलायला उभे राहिले की समोरचा माइक त्यांना कमी पडायचा. तळमजल्यावर शेखचाचा राहायचे. तेही आनंदनगर एमआयडीसीत जन्म काढलेले, आणि स्वभावानं तितकेच तिरसट. दोघांचा संध्याकाळचा चहा वर्षानुवर्षं एकत्र व्हायचा. मग एक निवडणूक आली, दोघांच्या हातात मोबाईल आले आणि चहा बंद झाला. आबा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकायचे, चाचा त्यावर दुसरा टाकायचे. खाली पाण्याचा पंप बिघडला, तरी दोघं एकमेकांशी बोलत नसत.

त्यातच बिल्डिंग धोकादायक ठरली. एका दुपारी पाटीलकाकूंच्या स्वयंपाकघरात स्लॅबचा मोठा तुकडा पडला. काकू देवाच्या कृपेनं बाहेर दळण आणायला गेल्या होत्या. महापालिकेची नोटीस आली, की पावसाळ्याआधी रिकामी करा. नवी बिल्डिंग बांधायला बिल्डर ठरला, नकाशा आला, आणि नकाशात पाण्याची टाकी आली नेमकी आमच्या औदुंबराखाली. ते रोप माझ्या आजीनं गावाहून आणून लावलेलं. बुंध्याशी दत्ताच्या पादुका. आबा निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसालाही एकवेळ थांबवून ठेवतील, पण पादुकांवर पाणी घातल्याशिवाय चहा घेणार नाहीत. आबांनी संमतीच्या कागदावर सही करायला नकार दिला. चाचांनी ग्रुपवर लिहिलं, "एक झाड के लिए सब लोग मरेंगे क्या?" आणि आबांनी उत्तर टाकलं, "बाहेरच्यांनी आमच्या झाडाबद्दल बोलू नये."

त्या रात्री ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. नेहमीची शुभरात्रीची फुलंसुद्धा नाहीत.

मीटिंग बोलावली गेली. बिल्डरनं आपल्या परीनं शहाणपणा केला. म्हणाला, "काका, झाडाच्या बदल्यात तुम्हाला एक खोली जास्त देतो." आबांचे डोळे लाल झाले. ते उठले. दादी ओरडली, "आबा, बैठो!" आणि मग बिल्डरकडे वळून, आयुष्यात प्रथमच हळू आवाजात म्हणाली, "बेटा, तूने इनकी माँ का भाव लगाया. आधी हात जोड." त्या सफारीवाल्यानं खरोखर हात जोडले. आबा बसले. मग दादीनं खोलीभर नजर फिरवली. "और ये बाहर का, बाहर का क्या लगाया है? उल्हासनगर में अंदर का कौन है? मिलिट्री का कॅम्प था ये. मैं इधर बॅरेक में पैदा हुई, माझे आईबाप सिंधमधून आले. आबा महाड से आया. पाटीलबाई साताऱ्याची. एक ये शेख है, जिसका बाप भी इधर ही जन्मा, कॅम्प बनने से पहले. अब बोलो, किसको बाहर निकालू?" पाटीलकाकूंनी पदर तोंडाला लावला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण आबा शेजारी बसले होते.

मग तिनं चाचांना विचारलं, की तुमचं काउंटरवर नसलेलं काय? चाचांनी नकाशा स्वतःकडे ओढला. म्हणाले, "टाकी मेरी खिड़की के नीचे डाल दो. पंप का आवाज मैं सुन लूंगा. झाड रहने दो. मुझे सिर्फ एक चीज चाहिए. आबा वो लफ्ज वापस ले. जहाँ लिखा, वहीं." सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी पेन मागितलं, कागदावर सही केली, आणि तो शब्द मागे न घेताच घरी आले. दादीनं त्यांना अडवलं नाही. मी चिडून तिला म्हटलं, "तुम्ही त्यांना सोडलंत कसं?" तर म्हणाली, "खींच के निकाला हुआ लफ्ज कच्चा होता है. पकने दे."

झाड वाचलं. पण आता घर सोडायची वेळ आली, आणि इथं दादीनं स्वतःची काउंटरवर नसलेली गोष्ट बाहेर काढली. तिनं जाहीर केलं, की शेवटच्या घराला भाड्याची खोली मिळत नाही, तोवर पहिला टेम्पो फाटकाबाहेर जाणार नाही. लोक भडकले. वर प्लॅस्टर गळतंय आणि ही बाई हट्ट धरून बसली आहे. मी तिला समजवायला गेले, तेव्हा तिनं कारण सांगितलं. तिची आई म्हणायची, सिंधमधून निघताना ज्याला जसं जमलं तसा तो निघाला. आधी आत्या, मग काका, मामा म्हणाला मी नंतर येतो. तो मामा कुणाला परत दिसला नाही. "माझी आई मरेपर्यंत स्टेशन पे हर आदमी का मुँह देखती थी," दादी म्हणाली. "मेरे सामने कोई पीछे नहीं छूटेगा. इसका भाव मत कर." मी हात जोडले आणि परत आले.

एकेकाला जागा मिळत गेल्या. राहिले शेखचाचा. त्यांना खोल्या दिसायच्या, दाखवल्या जायच्या, आणि नाव सांगितलं की त्या खोलीला कालच गिऱ्हाईक लागलेलं असायचं. अंबरनाथला तसंच, बदलापूरला तसंच. आबांना मात्र बदलापुरात त्यांच्याच पक्षातल्या म्हात्रेंची जागा पहिल्या फोनवर मिळाली. त्यांनी गुरुवारचा मुहूर्तही काढून ठेवला.

गुरुवारी सकाळी आमचा टेम्पो भरून फाटकाशी उभा होता आणि फाटकात दादी खुर्ची टाकून बसली होती. आबा केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी, मांडीवर देव्हारा घेऊन. मुहूर्त सरत चालला होता. एवढ्यात शेखचाचा आले आणि म्हणाले, "दादी, इनको जाने दो. मैं भिवंडी भाई के पास चला जाता हूँ." दादी म्हणाली, "भाई के पास गया तो वहीं का हो जाएगा. फिर इधर कौन आएगा?" चाचा म्हणाले, "मेरी वजह से आबा का मुहूर्त जा रहा है."

हे वाक्य आबांनी ऐकलं. ते केबिनमधून उतरले, देव्हारा चाचांच्या हातात दिला, "जपून धरा," एवढंच म्हणाले आणि मला स्कूटर काढायला लावली. ते माझ्या मागे बसले आणि आम्ही बदलापूर गाठलं.

म्हात्रे दारातच भेटले. आबा म्हणाले, "तुमची समोरची खोली रिकामी आहे, ती शेखना द्यायची." म्हात्रे हसले. "आबा, सभेत तुमीच बोलता ना यांच्या नावानं?" आबा म्हणाले, "बोलतो. उद्याही बोलेन. पण हा माणूस माझ्या बिल्डिंगमधला आहे. तो बाहेर राहिला तर मीही बाहेर. घ्या तुमची किल्ली." आणि खिशातून काढलेली किल्ली त्यांनी खरंच म्हात्रेंच्या पुढ्यात धरली. माझ्या वडिलांच्या साऱ्या भाषणांत हे सर्वांत छोटं, आणि माझी छाती अभिमानानं भरून आली ती याच एका भाषणानं. म्हात्रे आत जाऊन दुसरी किल्ली घेऊन आले.

आबांनी तिथंच ओट्यावर बसून मोबाईल काढला. एका बोटानं टाइप करायला त्यांना फार वेळ लागतो. मी डोकावून पाहिलं नाही. माझ्याच फोनवर आलं, "शेखभाई आतले आहेत. माझा शब्द मी परत घेतो. खोली मिळाली. निघा." पाटीलकाकू सांगतात, तिकडे फाटकात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. दादीला मराठी वाचता येत नसे, तिनं आपला फोन चाचांपुढे धरून त्यांनाच वाचायला लावलं. दोन्ही हातांत आमचा देव्हारा असल्यामुळे त्यांना डोळे पुसता येईनात. मग दादी उठली, खुर्ची बाजूला केली, आणि आमचा टेम्पो फाटकाबाहेर पडला.

यानंतर दोघं सुधारले, असं कुणी समजू नये. बदलापुरात समोरासमोरच्या दारांत बसून ते राजकारणावर इतके भांडले, की म्हात्रेंनी किल्ल्या परत मागायची धमकी दिली. फक्त आता ते बसून भांडत, आणि मधे चहा असे.

दादी गेल्या वर्षी गेली, झोपेत, स्वतःच्या घरात. तिच्यामागे चेअरमनकीची माळ माझ्या गळ्यात पडली. मीटिंगच्या आधी मीही सगळ्यांना तोच प्रश्न विचारते, फक्त माझा आवाज पोचत नाही.

पण तिची आठवण निघाली, की मला नव्या बिल्डिंगचा ताबा मिळाला तो दिवस आठवतो. सकाळपासून टेम्पो येत होते आणि ती एकेकाला वर पाठवत होती. शेवटचं घर वर गेलं, तेव्हा ती एकटी खाली राहिली. नवी लिफ्ट सोडून ती जिन्यानं निघाली, गुडघे धरत, प्रत्येक मजल्यावर थांबत. दारावरच्या पाट्या ती आम्हाला मोठ्यांदा वाचायला लावत होती आणि प्रत्येक नावाला मान डोलवत होती. शेख. पाटील. आमची पाटी आबांनी स्वतः वाचली, सभेतल्या आवाजात. एकही नाव गळलं नव्हतं. आपल्या दाराशी पोचल्यावर तिनं चौकटीवर हात ठेवला, दम खाल्ला, आणि सबंध जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हमारे खानदान में घर छोड़ के वापस आने वाली मैं पहली."