टोपलीखालचं पाऊल

कुणी भूत पाहिलं म्हणालं, की मी आधी विचारतो, "तेव्हा जेवला होतास ना?" रिकाम्या पोटी फार काय काय दिसतं! तर असा मी. आणि ही हकिकत लिहितोय मीच... हसा खुशाल.

बीडहून लिंबागणेशकडे जाताना आमचं गाव लागतं. अंमल निजाम सरकारचा. मी तिथे मुलांना मोडी आणि पाढे शिकवतो. एका सकाळी पाटलांच्या खळ्यावरून ज्वारीची पोती गेल्याची ओरड झाली. कडेच्या मऊ मातीत एक पाऊल — अनवाणी, पाची बोटं स्पष्ट. आमच्याकडची रीत अशी, की चोराच्या पावलावर टोपली पालथी घालायची, वर धोंडा ठेवायचा, आणि संशयिताचं पाऊल शेजारी उमटवून ताडून पाहायचं. पाच जणांनी पाऊल पाहिलं, टोपली मी घातली आणि शेजारीच ठाण मांडलं.

आता गंमत बघा. अनवाणी तर अख्खं गाव! पाटलांनी नाव घेतलं मल्हारी धनगराचं. का, तर महिन्यापूर्वी तो त्यांच्या दारापुढून वहाणा हातात न घेता गेला होता. मला तेव्हाच वास आला.

दुपारी जमादाराने मल्हारीला मुसक्या बांधून आणलं. एकदा कचेरीत नेलं की कबुली निघतेच — कशी निघते, तेही सगळ्यांना ठाऊक. मागे त्याची बायको तोंडात पदर धरून उभी.

"पाटील," मल्हारी म्हणाला, "तुमच्या दारापुढं वहाणा काढंना म्हणून राग, अन् चोरीला काढून गेलतो व्हय?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"गप बे! पाय ठेव मातीत," जमादार ओरडला.

"आदी टोपली उचला. तुमचं पाऊल दावा, मंग माझं घ्या."

"मला कायदा शिकवतो?"

"कायदा तुमचा आसंल, साहेब. पाय माझा हाय."

जमादाराने चिडून धोंडा ढकलला आणि टोपली लाथेने उडवली.

मातीत जोड्याचा ठसा! टाचेला नाल, पुढे तीन खिळे. तसला जोडा गावात एकच, आणि तो पाटलांच्या पायात. पाटील सकाळपासून समोरच्या बाजेवर, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत... जागचे हलले नव्हते. आता मात्र त्यांनी हळूच पाय वर घेतले.

जमादाराने बुटाने ठसा पुसून टाकला. "काही नाही. वाऱ्यानं बिघडलं. सोडा याला."

मुसक्या सुटल्या, पण मल्हारी जाईना. मनगटं चोळत म्हणाला, "गावापुढं बांधून आनलंत, आता गावापुढं लिहून द्या, मल्हारीवर पुरावा न्हाई. मास्तर, काडा कागद."

मी काढला. इतक्या आनंदाने मी कधी काही लिहिलं नसेल! जमादाराने पाटलांकडे न बघता सही ठोकली.

पुढे मी त्या पाच जणांना वेगवेगळं गाठून विचारलं. पाचही म्हणतात, अनवाणीच होतं. गावाचा संशय माझ्यावर. अहो, मी केलं असतं तर आतापर्यंत गप्प बसलो असतो का? माझा संशय मात्र सगळ्यांवर — वाऱ्यावर, टोपलीवर, मल्हारीवरसुद्धा. एकदा त्याला सरळ विचारलंच.

"मास्तर, मी मुसक्यांत व्हतो. टोपलीपाशी तुमी व्हता. मंग मला कावून इचारता?"

मी घरी गेलो आणि आधी पोटभर जेवलो.